हिरड्यांचं हजेरीबुक

सुरुवातीलाच एक गोष्ट साफ करतो. हजेरीबुक माझी कल्पना होती. समिती माझी नव्हती, सूचनाफलक माझा नव्हता, आणि गच्चीवर जे झालं त्याला मी एकटा जबाबदार नाही. हल्ली जिन्यात मी दिसलो की लोक तोंडावर रुमाल धरतात. सर्दीची साथ असावी असं मी धरून चालतो. पण खरं काय घडलं ते कुणीतरी एकदा नीट, तारीखवार सांगायला हवं, आणि तारीखवार सांगण्याचं काम माझ्याइतकं दुसऱ्या कुणाला जमणार नाही.

मी आवक विभागात आहे. तेवीस वर्षं. कचेरीत येणारं प्रत्येक पत्र आधी माझ्या टेबलावर येतं, मी त्याला क्रमांक देतो, वहीत नोंद करतो आणि मग ते पुढे जातं. पुढे जाऊन त्याचं काय होतं हे मी कधी विचारलं नाही, कारण तो माझा विभाग नव्हे. पण नोंद नाही तर पत्र आलंच नाही, हा आमचा धर्म. एकदा साहेबांच्याच बदलीचा हुकूम माझ्याकडे नोंद न होता तीन आठवडे पडून राहिला, आणि तीन आठवडे साहेब जागचे हलले नाहीत. नोंदीत काय ताकद असते ते एवढ्यावरून लक्षात यावं.

आता मुलीबद्दल. वय पंधरा पूर्ण, नाक माझं, जीभ आईची. शाळेच्या बँडमध्ये ती क्लॅरिनेट वाजवते. ते काळं लांब वाद्य, एका टोकाने तोंडात धरून फुंकायचं. खालचा ओठ खालच्या दातांवर दुमडून घ्यायचा आणि त्यावर वाद्य दाबून धरायचं, असा तो प्रकार आहे. सगळा भार येतो खालच्या पुढच्या दातांवर. पहिली दोन वर्षं आम्ही कानात बोळे घालून जेवलो. आता मात्र जिन्यातून जाणारी माणसं आमच्या दाराशी उगाच बुटाची नाडी बांधत थांबतात, इतकं ती बरं वाजवते. शहराच्या युवा बँडमध्ये क्लॅरिनेटची एकच जागा रिकामी झाली होती. अशी जागा निघायची ती दोन वर्षं वाट बघत होती. चाचणी महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला, शनिवारी. तिने कॅलेंडरवर त्या तारखेला गोल केला होता, आणि सराव सोडला तर दुसरं काही तिला सुचत नव्हतं.

सहा तारखेला संध्याकाळी ती सरावातून उठून बाहेर आली आणि वाद्य माझ्यापुढे धरलं. तोंडात धरायच्या टोकाला रक्त लागलं होतं.

"किती दिवस होतंय हे?" मी विचारलं.

"महिना झाला. घासताना पण येतं."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं. तुम्ही पेपर वाचत होतात. म्हणालात, रक्त येतं तिथे घासू नकोस, आपोआप बरं होईल. म्हणून मी तिथे घासणं सोडलं."

मी म्हणालो असेन. पेपर वाचताना मी सल्ला सढळ हाताने देतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघंही दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे. लहानखुरी बाई, आवाज हळू, पण हातात दात तपासायचा आकडा असल्यामुळे समोरचा माणूस आपोआप ऐकतो. त्यांनी मुलीचं तोंड तपासलं, दात साफ करून दिले आणि मग मला वगळून मुलीशी बोलल्या. "हिरड्या सुजल्यात. या वयात त्या जरा हळव्याच असतात, त्यात दातांच्या मुळाशी थर साचला की सुजतात, रक्त येतं. रक्त आलं की माणूस घाबरून तिथे ब्रश न्यायचं टाळतो, मग थर आणखी साचतो. तेव्हा जिथून रक्त येतं तिथेच घासायचं. पण हळू. मऊ ब्रश, दिवसातून दोनदा, दोन मिनिटं. तीन आठवड्यांत बसेल."

"आणि नाही बसलं तर?" मुलीने विचारलं.

"तर दोन महिने वाद्य बंद."

युवा बँडच्या अर्जात फुंकून वाजवणाऱ्यांसाठी दातांचं प्रमाणपत्र जोडायचं होतं. बाई म्हणाल्या, "सत्तावीसला ये. बघून देते." मग त्यांनी दहा गुलाबी गोळ्यांची एक पट्टी दिली. गोळी चावायची, चूळ भरायची, दातांवर जिथे थर राहिला असेल तिथे लाल रंग चढतो. आपलं घासणं कुठे चुकतंय ते आरशात दिसतं.

"आणि मी काय करू?" मी पेन काढून विचारलं.

"तुम्ही काही करू नका," बाई म्हणाल्या. "जमलं तर स्वतःचे दात एकदा दाखवून जा."

"माझे दात उत्तम आहेत," मी म्हणालो. आमची ही तेव्हा खिडकीबाहेर बघत होती. ती खिडकीबाहेर बघते तेव्हा काहीतरी गिळत असते, हे मला एकोणीस वर्षांच्या संसारात कळलेलं आहे.

'काही करू नका' हे वाक्य कचेरीतली माणसं गंभीरपणे घेत नाहीत. त्याच संध्याकाळी मी दोनशे पानी वही आखली. अनुक्रमांक, दिनांक, प्रारंभवेळ, समाप्तीवेळ, वरचे, खालचे, रक्त (होय किंवा नाही), घासणाऱ्याची सही, साक्षीदाराची सही, शेरा. वहीला खाकी कव्हर घातलं, वर सुतळीने पेन बांधलं आणि ती बेसिनशेजारच्या खिळ्याला टांगली.

मुलीने ती उघडून पाहिली. "बाबा, दात माझे आहेत."

"दात तुझे, पण जबाबदारी घराची."

"अहो, तिला घासू तरी द्या," ही स्वयंपाकघरातून म्हणाली.

साक्षीदार अर्थात मी. पण साक्षीदाराचीही काही कामं असतात, हे तरुण पिढीला समजत नाही. सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी ती ब्रश घेऊन उभी राही, आणि मी अग्रलेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात असे. "साक्षीदार आल्याशिवाय प्रारंभवेळ टाकता येत नाही," असं मी तिथूनच सांगे. मग मी येई, घड्याळ बघे, ती सुरू करी. एकदा एक मिनिट चाळीस सेकंदांत संपवलं म्हणून मी शेऱ्यात 'अपुरे' असं लिहिलं. तिने त्यावर हरकत घेतली, मी हरकत वेगळ्या कागदावर मागितली, आणि या पत्रव्यवहारात तिची शाळेची बस गेली. बस गेल्याची नोंद कुठल्या रकान्यात करावी यावर मी दिवसभर कचेरीत विचार करत होतो.

पाचव्या दिवशी तळमजल्यावरचे सर आमच्याकडे शिडी मागायला आले. सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण अजून इमारतीतल्या कुणाला चालताना पाहिलं की ते 'रांगेत' असं म्हणतात. हात धुवायला म्हणून ते बेसिनशी गेले आणि वीस मिनिटं बाहेर आले नाहीत. आले तेव्हा त्यांच्या हातात हजेरीबुक होतं आणि डोळ्यांत पाणी होतं.

"हे तुम्ही केलंत?"

"हो," मी म्हणालो.

"हे एका घरात कोंडून ठेवण्यासारखं नाही," सर म्हणाले. तेवीस वर्षांत माझ्या आखलेल्या रकान्यांकडे पाहून कुणाचा कंठ दाटून आला नव्हता. मी विरघळलो. माणूस शेवटी कौतुकाचा भुकेला असतो, आणि माझी तर त्या बाबतीत उपासमारच चालू होती.

शिडी राहिली बाजूला. त्याच आठवड्यात 'इमारत किशोरवयीन दंतदक्षता उपसमिती' स्थापन झाली. अध्यक्ष सर. निमंत्रक मी. महिला सदस्य म्हणून वरच्या मजल्यावरच्या काकू, कारण बैठक त्यांच्याकडे होती आणि त्यांना घरातून बाहेर काढता येत नव्हतं. काकूंचा सल्ला एकच, मीठ. "आमच्या वेळी कुठे होतं हे ब्रश नि पेस्ट? मीठ घ्यायचं आणि खसाखसा चोळायचं. साठाव्या वर्षी शेवटचा दात पडला, पण हिरड्या बघा कशा दगडासारख्या आहेत." त्यांनी आम्हाला हिरड्या दाखवल्या. त्यासाठी त्यांनी दोन्ही कवळ्या काढून चहाच्या बशीत ठेवल्या. सरांनी इतिवृत्तात 'अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन केले' एवढंच लिहिलं.

सूचनेचा मसुदा सरांनी केला. सही निमंत्रकाची, म्हणजे माझी. मी मसुदा वाचला का, असं मला नंतर पुष्कळांनी विचारलं. मी वाचला. कचेरीतला माणूस जसा वाचतो तसा वाचला, म्हणजे तारीख बरोबर आहे ना, जावक क्रमांक आहे ना, सही कुठे करायची, एवढं पाहिलं. मंगळवारी सकाळी ती सूचना खालच्या फलकावर लागली.

'इमारतीतील एका पंधरा वर्षीय कन्येच्या हिरड्यांतून रक्त येत असल्याचे निदर्शनास आले आहे. सबब सर्व किशोरवयीनांनी रविवार दि. २२ रोजी सकाळी दहा वाजता गच्चीवर ब्रशसह तपासणीस हजर राहावे.'

इमारतीत किशोरवयीन मुलं सहा. त्यात कन्या एकच.

ती शाळेतून आली, दप्तर ठेवलं आणि माझ्यासमोर उभी राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, मला त्याची सवय आहे. ती अगदी हळू म्हणाली, "दुसऱ्या मजल्यावरच्या त्या उंच मुलाने विचारलं, वाद्य उष्टं आहे का. सगळे हसले. बाबा, तुम्ही सही केलीत?"

"ती निमंत्रक या नात्याने," मी म्हणालो.

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. अबोला म्हणावा असा नाही, कारण मीठ दे, दार लाव, हे चालू होतं. पण ती माझ्याकडे पाहत नव्हती. मला वाईट वाटलं. मी दोन दिवस ते कबूल केलं नाही, पण वाटलं हे खरं आहे.

नवल म्हणजे हजेरीबुक मात्र उत्तम चाललं होतं. आता ती साक्षीदाराची वाट बघत नसे. मी बेसिनशी जाई तेव्हा नोंद तयार असे. प्रारंभ सहा चाळीस, समाप्ती सहा बेचाळीस, रक्त नाही. मी खाली सही ठोकत होतो. मनात म्हटलं, बोलत नाही तर नाही, पद्धत तर लागली. शुक्रवारी मी सही करायला पान उलटलं, तर पुढच्या शुक्रवारचीही नोंद झालेली होती. त्याच्या पुढचीही. एकाच शाईत, एका बैठकीत, महिनाअखेरपर्यंत. इतकंच नव्हे, पुढच्या बुधवारच्या नोंदीखाली साक्षीदार म्हणून माझीही सही होती. सवयीने मीच केलेली.

मी वही घेऊन स्वयंपाकघरात गेलो. ही कणीक मळत होती. "मग? तुमच्या कचेरीत काय वेगळं चालतं?" ती म्हणाली. "तिला एकदा घेऊन गेला होतात ना, सुट्टीत? सोमवारी गेल्या गेल्या शनिवारपर्यंतच्या सह्या करून टाकल्यात तिच्यासमोर. घरी येऊन मला कौतुकाने सांगत होती."

मी विषय बदलला आणि बेसिनशी जाऊन तिचा ब्रश हातात घेतला. कोरडा. संध्याकाळी पाहिला, कोरडा. शनिवारी सकाळी, कोरडा ठणठणीत. चाचणीला एक आठवडा राहिला होता आणि कार्टी माझ्यावरच्या रागापायी दात घासत नव्हती. दोन वर्षं जिची वाट पाहिली ती जागा हातची जाणार, आणि जाणार ती त्या सूचनेमुळे, हे मला तिथे बेसिनशी उभं असताना लख्ख दिसलं. शहाण्या माणसाने अशा वेळी मुलीजवळ जाऊन बसलं असतं. मी ठरवलं की उद्या गच्चीवर गुलाबी गोळ्या द्यायच्या. सगळ्यांसमोर थर लाल झाला की मग तरी घासेल.

रविवारी गच्चीवर खुर्च्या, एक बादली, दोन तांबे, आणि काकूंच्या कपाटाचा काढून आणलेला आरसा. सहा मुलं रांगेत. त्यांच्यामागे आईबाप, आणि दातांशी काही संबंध नसलेली बरीच मंडळी, कारण रविवारी सकाळी फुकट काही बघायला मिळतंय म्हटल्यावर कोण खाली बसणार. सरांनी पाऊण तास 'दंत आणि शिस्त' यावर भाषण केलं. मग मी पट्टी वर धरून गोळीचा उपयोग समजावून सांगितला. थर असेल तिथे लाल, स्वच्छ असेल तिथे पांढरं, लपवाछपवीला वाव नाही.

तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचा तो उंच मुलगा म्हणाला, "सर, आधी समितीने दाखवावं. म्हणजे आम्हाला कळेल."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरांना अचानक आठवलं की त्यांचा आज पोटाचा उपास आहे आणि तोंडात काही टाकायची मनाई आहे. काकूंनी हसून बशीची खूण केली. उरलो मी. मी आधीच सांगितलं आहे की माझे दात उत्तम होते. मी गोळी चावली, रुबाबात चूळ भरली आणि लोकांकडे वळून हसलो.

पहिल्या मजल्यावरचं एक चार वर्षांचं पोरगं रडायला लागलं.

मी आरशात पाहिलं. पांढरं असं काही उरलं नव्हतं. वरचे लाल, खालचे लाल, मधल्या फटी गडद लाल, आणि डावीकडच्या दाढांचं काय झालं होतं ते मला आठवायचंही नाही. मग हसू फुटलं. कुणी भिंतीला टेकून हसत होतं, कुणी खुर्चीवर बसून. सर इतिवृत्तात काहीतरी लिहीत होते, पण त्यांची वही हलत होती. ही एकटी हसत नव्हती. ती पुढे आली, माझ्या हातातली पट्टी घेतली आणि हळूच म्हणाली, "सात वर्षं उजवीकडनं जेवताय. मला काय दिसत नाही?"

तेवढ्यात मुलगी रांगेतून बाहेर आली. तिने पट्टीतली एक गोळी घेतली, चावली, चूळ भरली आणि सगळ्यांकडे वळली. पांढरेशुभ्र. खालच्या एका दाताच्या मागे नखाएवढी गुलाबी रेघ, बस. हिरड्या घट्ट, फिकट, रक्ताचा टिपूस नाही.

"पण ब्रश तर कोरडा होता," मी म्हणालो. लाल तोंडाने मी हे बोललो तेव्हा ते चार वर्षांचं पोरगं पुन्हा रडलं.

"तो बेसिनवरचा," ती म्हणाली. "माझा दुसरा आहे. वाद्याच्या पेटीत. स्वयंपाकघरातल्या सिंकवर घासते, दोन्ही वेळा. आई असते तिथे. घड्याळ लागत नाही, चाचणीचा तुकडा मनात म्हणते, तो बरोबर दोन मिनिटांचा आहे. बेसिनवर साक्षीदाराची वाट बघत बसले असते तर दात पडले असते."

म्हणजे मी बेसिनवर पहारा देत होतो आणि दात भिंतीपलीकडे घासले जात होते. बाकीच्या पाच मुलांची तपासणी झालीच नाही. सभा बरखास्त झाल्याचं सरांनी जाहीर केलं, तेव्हा ते ऐकायला गच्चीवर आम्ही दोघेच होतो.

रंग एका दिवसात जातो असं पट्टीवर लिहिलं होतं. ते स्वच्छ दातांच्या माणसांसाठी असावं. मी संध्याकाळपर्यंत कपड्यांच्या ब्रशइतका कडक ब्रश घेऊन घासलं, तर रंग तसाच आणि वर हिरड्यांतून रक्त. सोमवारी कचेरीत नव्या ओळखपत्रांचे फोटो होते. मी तोंड घट्ट मिटून बसलो. फोटोवाला म्हणाला, "काका, दाढ सुजलीय का? जरा मोकळं व्हा." मी मान हलवली. तेवढ्यात साहेब मागून येऊन काहीतरी विनोद बोलले. साहेबांच्या विनोदाला तेवीस वर्षांत मी हसलो नाही असं झालेलं नाही.

ओळखपत्र पाच वर्षांसाठी आहे. ते मी त्याच दुपारी दुरुस्तीला दिलं, तेव्हा आस्थापना शाखेने अर्ज मागितला. 'त्रुटीचे स्वरूप' या रकान्यात मी 'दात' असं लिहिलं. खाली अट होती की शारीरिक बदलाबाबत वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे. म्हणजे माझे दात कायमचे लाल नाहीत असं डॉक्टरांकडून लिहून आणायचं. अशा रीतीने, दात दाखवायला नव्हे, तर निव्वळ कागद आणायला, मी मंगळवारी सकाळी डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत जाऊन बसलो. ही आणि मुलगी बाजूला उभ्या होत्या.

बाईंनी आकडा घातला. दोन्ही बाजूंच्या दाढा एकेक करून पाहिल्या. मग विचारलं, "रक्त किती वर्षं येतंय?"

"रक्त असं नाही म्हणता येणार," मी म्हणालो.

"सात वर्षं," ही म्हणाली.

"तिथे घासता का?"

मी वरच्या दिव्याकडे पाहू लागलो. रक्त येतं तिथे घासायचं नाही, आपोआप बरं होतं, हा सल्ला मी मुलीला दिला तो काही हवेतून आणला नव्हता. मी स्वतः सात वर्षं तो पाळत होतो. मुलगी माझ्याकडे बघत होती. त्या मंगळवारनंतर पहिल्यांदाच.

बाई म्हणाल्या, "डावीकडच्या दोन दाढा हलतायत. एक जाईल असं वाटतं. दुसरी वाचेल, पण आजपासून घासलंत तर. आणि हिरडी आहे म्हणून दात आहे, एवढं लक्षात ठेवा." मग मुलीचं तोंड त्यांनी तिथल्या तिथे बघितलं आणि प्रमाणपत्र लिहून दिलं. सत्तावीसची वाटसुद्धा पाहिली नाही.

"आणि माझं?" मी विचारलं.

"तुमचं तीन महिन्यांनी बघू."

मुलगी तिथूनच शाळेत गेली. घरी येताना मी फलकाशी थांबलो. ती सूचना अजून होती. मी टाचणी काढायला लागलो, तर सर धावत आले. "असं करता येत नाही. एकदा निघालेली सूचना समितीच्या ठरावाशिवाय काढता येत नाही, आणि समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. फार तर शुद्धिपत्रक काढा."

नियम बरोबर होता. तो मीच सरांना सांगितला होता. मग मी वर जाऊन बसलो आणि शुद्धिपत्रक लिहिलं. तेवीस वर्षांत मी हजारो कागद हाताळले, पण स्वतःचं असं एकही वाक्य लिहायची वेळ आली नव्हती. चार कागद फाडले. पाचवा खाली नेऊन लावला.

'दि. १७ च्या सूचनेत रक्त कन्येच्या हिरड्यांतून येत असल्याचे नमूद केले होते. ते चुकीचे आहे. कन्येच्या हिरड्या निरोगी आहेत. रक्त तिच्या वडिलांच्या हिरड्यांतून सात वर्षे येत आहे. कन्येने एकदा विचारले असता वडिलांनी चुकीचा सल्ला दिला व पुढे तिची चारचौघांत शोभा केली. याबद्दल वडिलांना वाईट वाटते.'

संध्याकाळी मुलगी शाळेतून आली. पाच मिनिटं उशिरा. दप्तर ठेवलं आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"बाबा, खाली सही राहिली तुमची."

"निमंत्रक म्हणून मी राजीनामा दिलाय," मी म्हणालो.

"निमंत्रक म्हणून नको."

मी तिच्याबरोबर खाली गेलो. तिने पेन दिलं. मी नाव लिहिलं आणि पदनामाच्या जागी 'बाबा' लिहिलं. दुसऱ्या मजल्यावरचा तो उंच मुलगा जिन्यात उभा होता. तो हसला नाही. निदान मी बघत असेपर्यंत तरी हसला नाही.

अठ्ठावीसला चाचणी झाली. आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो होतो. दारातून तिचा तुकडा ऐकू येत होता आणि मी खालच्या हिरडीवर जीभ दाबून धरली होती, जणू दुखलं तर माझंच दुखावं. आत चौदा मुलं वाजवून गेली. यादीत एकच नाव लागलं, ते तिचं होतं. हिने तिला जवळ घेतलं, मी प्रमाणपत्राची छायाप्रत मागून घेतली आणि बाहेर जाऊन नाक शिंकरलं.

हजेरीबुक अजून खिळ्यालाच आहे. 'घासणाऱ्याची सही' तशीच आहे, सही तेवढी आता माझी असते, तीही त्या त्या दिवशीच. साक्षीदार ती. पण तिची पद्धत निराळी आहे. ती घड्याळ बघत नाही. मी ब्रश तोंडात घातला की ती दाराशी उभी राहून तो चाचणीचा तुकडा वाजवते. तो संपला की माझं संपलं.

परवा सकाळी मी नेहमीसारखा उरकत होतो. तुकडा निम्म्यावर आला आणि अचानक थांबला.

"बाबा, डावी बाजू."

"केली की."

"नाही केलीत. दुखतं म्हणून टाळताय. तिथेच घासायचं, हळू." आणि तिने पुन्हा पहिल्यापासून वाजवायला सुरुवात केली.